दहा हजार होड्या

७ डिसेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुला बातमी परक्यांच्या तोंडून कळली आणि सख्ख्या काकाने चार ओळीही लिहिल्या नाहीत, याचा राग आला असेल तर तो रास्तच आहे. पेन घेऊन तीनदा बसलो. ‘तुझा दादा’ इथपर्यंत लिहायचो आणि पुढे हात चालायचा नाही. ‘गेला’ लिहावं तर खोटं ठरेल, ‘आहे’ लिहावं तर तेही खोटं ठरेल. शेवटी ठरवलं, जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं.

गेल्या महिन्याच्या अखेरीस एका सोमवारी तो एकटाच समुद्रावर गेला. बरोबरचा गडी तापाने पडला होता. मी म्हटलं, “एकटा जाऊ नको.” तो म्हणाला, “बाबा, मी पाळण्यातून उतरलो तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला असाल.” धक्क्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. दुपारी दुसऱ्या होडीवाल्यांना तो खडकापलीकडे दिसला, इंजिनावर वाकलेला. त्यांनी हात केला, त्यानेही केला. त्यांना वाटलं, ठीक चाललंय. संध्याकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटला. तेव्हापासून पत्ता नाही.

शोधपथकाची बोट आली, विमान आलं. काल त्यांचा साहेब घरी आला आणि दारातच टोपी काढून हातात धरली. टोपी काढली तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, “आजोबा, समुद्र फार मोठा आहे.” जन्मभर त्याच्या काठावर होड्या बांधल्या मी, आणि हा मला समुद्राची लांबीरुंदी सांगतो! पण बोललो नाही. सूनबाई चहा घेऊन आली होती, तिच्यासमोर कशाला तोंड सोडायचं.

आता कामाचं. तू ज्या यंत्रावर काम करतेस ते वादळ चार दिवस आधी सांगतं, असं तूच मागे म्हणाली होतीस. अजून न आलेलं वादळ ज्याला दिसतं, त्याला समुद्रावर असलेली एक होडी दिसणार नाही का? तुझ्या साहेबांना विचार. माझ्या वतीने हात जोड. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, वेड्यासारखं बोललो असेन तर सोडून दे.

फोन मात्र करू नकोस. मला ऐकू येत नाही, मग मी ओरडतो, आणि घरभर सगळं कळतं. सूनबाईला आत्ताच काही कळायला नको. तुला ठाऊक आहे, तुझ्या शहरात नर्सिंग शिकायला तिची निवड झाली आहे, एक मार्चपासून. दोघांनी मिळून ठरवलं होतं. तो म्हणायचा, “तू शीक, मी बाबांच्या हातचं करपलेलं खाईन.” आता मी तिला म्हटलंय, तो येईपर्यंत थांब. बरोबर केलं ना? नवरा परत आला आणि घरात बायको नाही, असं कसं चालेल?

तुझा काका

१५ डिसेंबर

ती. काकांना नमस्कार.

राग कसला, काका. मी बातमी कळल्यापासून रोज कामावर जाते आणि दिवसभर काय केलं ते संध्याकाळी आठवत नाही.

तुम्ही वेड्यासारखं काही बोलला नाहीत. पण आमच्या यंत्राला डोळे नाहीत, हे आधी सांगते. कपाटांच्या रांगाच रांगा, पंख्यांचा घोंघाट, गार पाण्याचे नळ. आत गेलं की शेजारच्या माणसाशीही तुमच्याशी बोलावं तसं ओरडून बोलावं लागतं. त्याला दिसत काहीच नाही. त्याला फक्त गणित येतं, पण असं गणित, की हजारो माणसं जन्मभर पाटीवर करत बसली तरी संपणार नाही. म्हणून सगळ्या शास्त्रांची माणसं त्याच्या दाराशी रांग लावून असतात. कुणाला भूकंपात पूल कसा हलेल ते बघायचं असतं, कुणाला नवं औषध शरीरातल्या नेमक्या जागी बसतं का ते. एक बाई दोन तारकापुंजांची टक्कर लावून बसल्या आहेत. माझं काम ही रांग सांभाळायचं. थोडक्यात, मी दारावरची भालदार.

पण इथे एक सर आहेत, ते माशांच्या अंड्यांचा अभ्यास करतात. अंडी समुद्रात सुटली की वाहत कुठे जातात, ते गणिताने काढतात. आम्ही त्यांना अंडीवाले सर म्हणतो, त्यांना चालतं. मी दादाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले. मग म्हणाले, “अंड्याला इंजिन नसतं, वल्हं नसतं. बंद पडलेल्या होडीलाही नसतं. गणित तेच. फक्त होडीला वारा लागतो, तेवढा आत घालावा लागेल.”

वारा नेमका किती होता, इंजिन नेमकं कुठे थांबलं, हे कुणालाच माहीत नाही. म्हणून एक होडी सोडून चालत नाही. प्रत्येक वेळी थोडा थोडा फरक करून दहा हजार होड्या सोडायच्या आणि कुठली कुठे जाते ते बघायचं. ज्या बाजूला जास्त जातील तिथे शोधायचं.

त्यासाठी मला होडीची मापं हवीत. लांबी, रुंदी, काठ पाण्याच्या वर किती, आत वजन किती, वर छप्पर होतं का. तुमच्याशिवाय कोण सांगणार? आणि काका, फार आशा धरू नका. थोडी धरा.

तुमची भिंगरी

२२ डिसेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

मापं वेगळ्या कागदावर लिहून जोडली आहेत. दोनदा तपासली. ती होडी मी त्याच्या लग्नाच्या वर्षी बांधली, त्यामुळे कागद बघावा लागला नाही. तरी मन खात होतं म्हणून तिच्या मापाचा जुना सांगाडा ठेवलाय शेडमध्ये, त्यावर फीत लावून बघितली. छप्पर नव्हतं. तो म्हणायचा, छप्पर वारा पकडतं, उघडीच बरी. मी म्हणायचो, ऊन लागेल. थंडीचं तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दहा हजार होड्या! मला एक बांधायला सात महिने लागले आणि तुझं यंत्र बसल्या जागी दहा हजार सोडणार. शेडमध्ये बसून पुष्कळ विचार केला, पण नीट समजलं नाही. त्या सगळ्या होड्यांत माणूस बसलेला असतो का? की रिकाम्या सोडतात? माणूस असेल तर तो काहीतरी करणार ना, वल्हं मारेल, शर्ट काढून हलवेल. आपला पोरगा हातावर हात धरून बसणारा नाही. हे तुझ्या अंडीवाल्या सरांना सांग. अंडं आणि माणूस यांत फरक आहे, म्हणावं.

सूनबाई दिवसा काम करते आणि संध्याकाळी बंदराकडच्या खिडकीत कपडे घडी करत बसते. घडी घातलेलेच परत मोडून घडी घालते. मी विचारलं, “काय करतेस?” म्हणाली, “इस्त्री मोडलीय.” तिला सांगितलंय की भिंगरीने शोध लावायला घेतलाय. तिने नुसती मान हलवली.

यंत्राची रांग केवढी आहे? आपला नंबर कधी? जरा पुढे सरकवता येत असेल तर बघ. भालदार घरचाच आहे, म्हणून म्हटलं.

तुझा काका

१९ जानेवारी

ती. काकांना नमस्कार.

उशीर झाला, आणि कारण सांगायला जीभ रेटत नाही. नंबर मी पुढे सरकवू शकत नाही, काका. तो अधिकार मला नाही. पण तारेवाल्या बाईंनी यंत्रावरचा त्यांचा सगळा आठवडा आपल्याला दिला. म्हणाल्या, “माझे तारे अब्जावधी वर्षं आदळताहेत, आणखी आठ दिवसांनी आदळले तर कुणाचं घर पडत नाही.” अंडीवाल्या सरांनी आपल्या वाट्याचे दिवस दिले. औषधवाल्यांतला एक जण रात्रभर बसून प्रोग्रामातली चूक शोधत होता. त्याचा आपल्याशी काडीचा संबंध नाही.

गणित सुरू झालं आणि अर्ध्यावर आलं, तेव्हा तुमच्याच बाजूच्या समुद्रावर वादळ तयार व्हायला लागलं. वादळाचा अंदाज आला की बाकी सगळ्यांना रांगेतून उठावं लागतं, हा इथला नियम आहे. ते बटण माझ्या टेबलावर आहे. दादाच्या होड्या मी माझ्या हाताने थांबवल्या. नंतर पुन्हा पहिल्यापासून सोडाव्या लागल्या.

आता निकाल. चित्र सोबत पाठवते. निळा समुद्र, पांढरी जमीन, प्रत्येक ठिपका एक होडी. बहुतेक होड्या खोल समुद्रात गेल्या. पण दक्षिणेला जो लांबलचक वाळूचा किनारा आहे, तिथे साधारण दोनशे होड्या लागल्या आहेत. मी हे शोधपथकाला कळवलं. ते त्या बाजूला एकदा विमान फिरवणार आहेत.

तब्येत सांभाळा. वहिनीला माझी आठवण सांगा.

तुमची भिंगरी

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

त्या सगळ्या माणसांना माझे आशीर्वाद सांग. तारेवाल्या बाईंना विशेष. ओळख ना पाळख, आणि आपला आठवडा देऊन मोकळ्या झाल्या.

वादळाचं वाचलं आणि तुझा राग आला. खोटं कशाला बोलू. आमच्याकडे दोन दिवस आधी बंदरावर इशारा लागला, सगळ्या होड्या वेळेत आत आल्या. मी धक्क्यावर उभा राहून बघत होतो. एकेकाची बायको पोरं घेऊन उभी. मग वारा असा आला की माझ्या शेडचे पत्रे उडाले. एकही माणूस गेला नाही. तेव्हा आनंदच झाला होता. तुझं पत्र वाचल्यावर कळलं, की हे सगळे आत यावेत म्हणून माझ्या पोराच्या दहा हजार होड्या थांबल्या होत्या. दोन दिवस धुसफुसत राहिलो. नंतर स्वतःचीच लाज वाटली. आता राग नाही. थोडा आहे.

चित्र भिंतीवर लावलंय. विमान फिरून गेलं, काही मिळालं नाही असं कळवलं त्यांनी. विमानातून काय दिसणार डोंबल! म्हणून मी स्वतः बसने गेलो. दिवसभर त्या वाळूवर चाललो. जो भेटेल त्याला विचारलं. एक म्हातारा शिंपले वेचत होता, त्याला म्हटलं, “इथे होड्या लागल्यात का?” तो म्हणाला, “किती?” मी म्हटलं, “दोनशे.” त्याने माझ्याकडे असं बघितलं की बाई, तूच समज. मग म्हणाला, “आजोबा, सावलीत बसा.” दोनशे होड्या लागल्या म्हणतेस आणि एवढ्या किनाऱ्यावर एका माणसाने एकही पाहिली नाही, हे कसं? लोक झोपा काढतात की काय तिथे?

मला वाटतं तो उतरला असेल आणि आत कुठे गावात गेला असेल. डोक्याला मार लागला की माणूस नाव विसरतो, हे मी ऐकलंय. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. आतल्या रस्त्याने.

माझी एक विनंती आहे. यंत्राला सांग, वारा थोडा कमी धर. त्या रात्री वारा लोक म्हणतात तेवढा नव्हता. मी जागा होतो, मला माहीत आहे. वारा कमी धरला तर दोनशेच्या चारशे होतील.

सूनबाईला सांगितलं, कॉलेजला कळवून टाक की यंदा येत नाही. दोनशे म्हणजे काही थोड्याथोडक्या नाहीत.

तुझा काका

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे कसं लिहायचं ते कळत नाही. बाबा वाळूच्या किनाऱ्याकडे गेलेत, संध्याकाळी येतील, तेवढ्यात लिहिते.

तुमचे दादा आता नाहीत, हे मला माहीत आहे. पहिल्या आठवड्यातच कळलं. मी दवाखान्यात मदतनीस म्हणून चार वर्षं काढली आहेत. गार पाण्यातून काढलेली माणसं पाहिली आहेत. यांच्या अंगावर त्या दिवशी एक पातळ स्वेटर होता, दुसरा मी धुवायला टाकला होता. त्या स्वेटरची घडी मी अजून करते आणि मोडते.

बाबांपुढे मी रडत नाही. मी रडले तर ते म्हणतील हिने आशा सोडली, आणि मग त्यांना एकट्यानेच ती धरावी लागेल. पण ताई, ते जेवण झालं की चष्मा लावून भिंतीपाशी जातात आणि काठीच्या टोकाने जमिनीजवळचे ठिपके मोजतात. मोजताना चुकले की पुन्हा पहिल्यापासून. काल मला म्हणाले, “सूनबाई, आज दोन जास्त निघाले.” एवढे खूश झाले होते.

कॉलेजला मी अजून ‘येत नाही’ असं कळवलेलं नाही. कळवलं असं बाबांना सांगितलंय. मला जायचं आहे. हे लिहितानाही वाईट वाटतं, पण जायचं आहे. इथे राहिले तर मी त्या खिडकीत म्हातारी होईन.

मी बोलले तर सून बोलली असं होईल. ते ठिपके तुम्ही पाठवलेत, तुम्हीच सांगा. रागावू नका.

तुमची वहिनी

१४ फेब्रुवारी

ती. काकांना नमस्कार.

तुम्ही डिसेंबरात विचारलं होतं, की त्या होड्यांत माणूस असतो का. मी उत्तर न देताच पुढचं लिहीत राहिले. आज देते. नाही, काका. होड्या रिकाम्या असतात.

आणि किनाऱ्यावरचे ठिपके म्हणजे तिथे लागलेल्या होड्या नव्हेत. खरी होडी एकच. इतका वारा, असा प्रवाह असेल तर ती कुठे जाऊ शकेल, याची दहा हजार उत्तरं आहेत ती. त्या म्हाताऱ्याला दोनशे होड्या दिसल्या नाहीत, कारण त्या कधी नव्हत्याच. हे मी नीट लिहायला हवं होतं.

अजून एक आहे. इथे डॉक्टरांचा एक गट आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीर गार करतात, तेव्हा ऊब अंगातून कशी निघून जाते, त्याचं गणित ते याच यंत्रावर करतात. त्यांना मी दादाचं वय, वजन, त्या रात्रीची थंडी, ओले कपडे, उघडी होडी, हे सगळं सांगितलं. एवढ्या थंडीत माणूस किती टिकेल, याचं त्यांचं उत्तर दुसऱ्या रात्रीच्या पुढे जात नाही. आणि जी होडी सगळ्यात आधी वाळूला लागली, तिलाही गणितात तीन आठवडे लागले. दोन्ही उत्तरं माझ्या टेबलावर एकाच दिवशी आली. मी चित्र तुम्हाला पाठवलं आणि दुसरं पाठवलं नाही. वाटलं, थोडे दिवस तरी तुम्हाला काहीतरी असू दे.

वारा कमी धरूनही बघितलं. तुम्ही सांगितलं म्हणून. अंडीवाले सर शेजारी येऊन उभे होते. ठिपके चारशे नाही, तीनशे दहा झाले. होड्या आणखी हळू गेल्या, दिवस आणखी वाढले. मग सर म्हणाले, “बाळ, आता पुरे.” मी बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, शेवटी थंडी वाजायची थांबते आणि झोप येते. हे गणितातलं नाही, त्यांनी पाहिलेलं आहे. तुम्हाला सांगावं की नाही कळत नव्हतं. सांगितलं.

काका, वहिनीला थांबवू नका. तिची जागा एक मार्चपर्यंतच राखून ठेवतात. ती इथे आली तर मी आहे.

तुम्ही आता माझ्याशी बोलला नाहीत तरी मी समजू शकते.

तुमची भिंगरी

२७ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

मी खरंच बोलणार नव्हतो. तुझं पत्र वाचलं, गादीखाली सारलं आणि शेडमध्ये जाऊन रंधा मारत बसलो. कशावर मारतोय ते बघितलंच नाही, एक चांगली फळी पातळ करून टाकली. मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या. त्या डॉक्टरांनाही दिल्या. त्यांना कोणी विचारलं होतं?

तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना सूनबाई म्हणाली, “ताईंचं पत्र आलं ना?”

“आलं.”

“काय म्हणतात?”

“थंडी फार होती म्हणते.”

ती वाढायची थांबली. म्हणाली, “हो बाबा. फार होती.”

मग आम्ही जेवलो. हात धुताना मी म्हटलं, “तुला कधीपासून माहीत होतं?” ती म्हणाली, “पहिल्या आठवड्यापासून.” “मग थांबलीस कशाला?” “तुम्ही थांबला होतात म्हणून.” मी रागाने म्हटलं, “मी तुझ्यासाठी थांबलो होतो!” तुला म्हणून सांगतो भिंगरी, हे पूर्ण खरं नाही. मी माझ्यासाठीच थांबलो होतो. पण त्या वेळी तोंडातून तेच निघालं, आणि ते ऐकून ती जी रडायला लागली ती थांबेचना. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मीही रडलो. शेजारीण डोकावून गेली आणि दार ओढून घेतलं तिने बाहेरून. शहाणी बाई.

मग ती म्हणाली की कॉलेजला तिने नाही असं कळवलंच नव्हतं. मी म्हटलं, “म्हणजे सासऱ्याला फसवलंस?” म्हणाली, “फसवलं.” मी म्हटलं, “बरं केलंस.”

फेब्रुवारीच्या अठ्ठावीस तारखेला तिला बसवर सोडलं. बॅग फळीवर नीट बसत नव्हती म्हणून आत चढलो, ती काढली, दुसरीकडे लावली, मग तिच्याजवळ जरा बसलो. कंडक्टर म्हणाला, “आजोबा, तिकीट?” मी म्हटलं, “मी नाही जात, ही जातेय.” तो म्हणाला, “मग उतरा की, बस तुमच्यासाठी थांबलीय.” सगळी बस हसली. सूनबाईही हसली. उतरलो.

घरी आल्यावर चित्र भिंतीवरून काढलं. फाडलं नाही. तुझ्या दादाची शेवटची वाट त्यात कुठेतरी आहेच ना. दहा हजारांतली कुठली, ते कळणार नाही, असं तुझ्या लिहिण्यावरून समजतो. न कळलं तरी चालेल.

मार्चात तुझ्या अंडीवाल्या सरांचं पत्र आलं. साध्या भाषेत लिहिलं होतं. म्हणाले, आपल्या वेळी मापं विचारण्यात आणि येण्यातच दिवस गेले, आणि होड्यांचं गणित कधी रांगेत पुढे घेतलं जात नव्हतं. आता वादळासारखंच हरवलेल्या होडीलाही पुढे घ्यायचं वरून मान्य झालंय. पण मापं आधीच हाताशी असतील तरच एका दिवसात उत्तर निघेल. तेव्हा बंदरातल्या सगळ्या होड्यांची मापं घेऊन पाठवाल का?

पंधरा दिवस मी उत्तर दिलं नाही. माझ्या पोरावर शिकून दुसऱ्यांची पोरं वाचवणार, असं मनात आलं. वाईट विचार आहे, पण आला. मग एक दिवस फीत घेतली आणि धक्क्यावर गेलो. पहिल्याच होडीवर हशा. “म्हातारा मापं घेतोय रे! मयताची पेटी कुठल्या लाकडाची करणार, बाबा?” मी म्हटलं, “तुझ्यासाठी खोक्याच्या फळ्या पुरे.” दुसरा म्हणाला, “माझ्या होडीला हात लावू नका, अपशकुन होतो.” पहिले काही दिवस असेच गेले. कुणी अंग चोरायचं, कुणी मुद्दाम होडी हलवायचं.

एकदा मी वाकलो होतो आणि फितीचं दुसरं टोक सुटत होतं. कुणीतरी धरलं. बघतो तर त्या दिवशी खडकापलीकडे आपल्या पोराला हात करून पुढे गेलेला तोच माणूस. मान खाली घालून म्हणाला, “बाबा, मला वाटलं होतं तो ठीक आहे असं सांगतोय.” मी म्हटलं, “टोक घट्ट धर, काठाची उंची बरोबर यायला हवी. वारा तिथेच लागतो.” तेव्हापासून तो रोज येतो. बोलत नाही फारसं. आता कुणी हसतही नाही. छप्पर नसलेल्या ज्या होड्या आहेत, त्यांना मी छप्पर घालून देतो आहे, माझ्या शेडमधल्या लाकडाचं. सगळी मापं या पत्रासोबत आहेत. सरांना दे. नीट लागली नाहीत तर परत घेईन, म्हणावं, मला दुसरं काम नाही.

आता माझं काम. सूनबाईची पत्रं येतात. “मी बरी आहे, तुम्ही वेळेवर जेवता ना?” एवढंच असतं. हे वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. तुझी काकू शेवटच्या आठवड्यातही हेच म्हणत होती. ती आपणहून तुझ्याकडे यायची नाही, तेव्हा तू स्वतः तिच्या खोलीवर जाऊन ये. आधी न कळवता जा. खोलीला खिडकी आहे का बघ. बरोबरच्या मुली तिच्याशी बोलतात का बघ, ती त्यांच्यापेक्षा मोठी आहे वयाने. मढं बघायची वेळ आली तर तिला काय होतं, ते विचारू नकोस, पण मला फार काळजी वाटते. रडते का, हेही विचारू नकोस, डोळ्यांवरून कळेल तुला. आणि हसताना दिसली तर तेही लिही. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल, तरी लिही.

निम्मं लिहू नकोस. जसं असेल तसं सगळं लिही, आणि लवकर लिही, बाई. वाट बघतो आहे.

तुझा काका